मान धरून

फोन आला तेव्हा मी कात्र्या उकळत होतो.
जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक हेच करतो,
आणि रजिस्टर भरतो, निळ्या शाईनं, बारा रकाने.

"भाऊ, कोंबड्यायनं मान टाकली न.
मेल्या नाईत. पन मान टाकली."

इंद्रकला उईकेचं हे वाक्य
मोटरसायकलवर नऊ किलोमीटर घोळवत गेलो.
माणसानं मान टाकली म्हणजे संपला,
एवढंच मला ठाऊक होतं.

सांदवाडीत अठरा कोंबड्या
सांडल्यासारख्या.
पंख पसरलेले, चोच मातीत,
मणक्यातला दोरा कोणी ओढून घेतलेला.
आणि डोळे टक्क जागे.
एकीच्या पाठीला हात लावला
तर मूठभर पिसं हातात आली,
झाडानं पान सोडावं तशी, काही न म्हणता.

हगवण नाही. तुरा लालच.
एक तेवढ्यात गेली, डॉक्टर बोबडेंनी तीच उघडली.
काळीज, आतडी, फुप्फुसं,
सगळं घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखं.
"काहीच नाही," ते म्हणाले.
मग जरा थांबून,
"काहीच नाही म्हणजे तेच असेल."

तो जंतू म्हणे मातीतच असतो,
इथं, आपल्या चपलेखाली,
न पेरलेल्या बियाण्यासारखा पडून.
हवा त्याला सोसत नाही.
कुठंतरी काही मरावं, झाकलं जावं, उबावं,
की तो उठतो.
आपल्याला घाम येतो तसं त्याला विष येतं.
अळ्यांना त्याचं काही होत नाही.
अळ्या टिपणाऱ्यांना होतं.

"आसपास काही मेलं होतं काय?"
बाई नाही म्हणाली.
नातू प्रणय काहीच म्हणाला नाही.
त्याच्या हातात लाकडाचा नंदी,
शिंगांना तान्ह्या पोळ्याचा बेगड, आठ दिवस झाले तरी.

मी कुटाराच्या ढिगाकडे गेलो. वास आधी आला.
फावड्यानं सारलं:
पिसांचं एक गाठोडं,
त्यात पांढरं काही हलत होतं,
आधणातल्या तांदळासारखं.

पुरायला दिली होती पोराला.
आणि तिकडे गल्लीत डफडं वाजत होतं,
पोरं नंदी घेऊन निघाली होती,
घरोघर बोजारा मिळत होता.
नऊ वर्षांचं पोर. किती खोल खणणार?

कोंबड्यांना ते सापडलं तेव्हा
काय हरखून टिपलं असेल त्यांनी!
त्यांचाही पोळाच तो.

ढीग जाळला, चुना टाकला.
बाईकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं नाही.

सांजेपर्यंत अकरा गेल्या.
तडफड नाही, काही नाही,
श्वास घ्यायचं हळूहळू विसरत गेल्या.
डॉक्टर म्हणाले, याचं औषध आपल्याकडे नाही,
गुळाचं पाणी पाजा, थेंब थेंब.
मान खाली गेली की पाणी नाकात जातं,
कोणी धरून बसलं तर…
आणि ते गाडीत बसले.

सकाळी पुन्हा गेलो
तर ओट्यावर, भिंतीला टेकून, पोर.
मांडीवर काळी तलंग,
दोन बोटांच्या बेचक्यात तिची मान.
"रातभर झोपला नाई," बाई म्हणाली,
"म्हनलं ठेव खाली, त नाई म्हन्ते."
बोटं आखडली होती, सोडवता येईनात.

तलंगीनं पापणी लववली. एवढंच.
मान अजून त्याच्याच हातची होती.

रजिस्टरात लिहिलं: मृत सतरा, उपचाराखाली एक.
कारणाच्या रकान्यात जंतूचं लांब नाव,
दोनदा चुकलो, दोनदा खोडलं.
कुटारात कोणी टाकली,
असा रकानाच नाही त्या रजिस्टरात.
सरकारचे आभार मी कधी मानत नाही.
त्या दिवशी मानले.